पायगुणाचं वजन

मे महिन्यात आमच्या कोरातुत गावात कोणी धड झोपत नाही. घरातल्या चांगल्या खोल्या रेशमाच्या किड्यांना आणि माणसं अंगणात, ही दरवर्षीची रीत. अळ्यांना पाला लागतो, ऊब लागते, शांतता लागते. एवढे लाड आमच्याकडे जावयाचेही कोणी करत नाही. त्यामुळे शाळेच्या त्या शेवटच्या महिन्यात माझ्या अकरावीच्या वर्गातली अर्धी मुलं बाकावर डोकं टेकून असतात आणि उरलेली अर्धी डोळे उघडे ठेवून झोपतात. मी ओरडत नाही. ओरडायलाही अंगात त्राण लागतं. उभा जन्म गणित शिकवण्यात आणि किडे पाळण्यात गेला, त्यात पाठीचा जो भुगा झालाय तो माझा मलाच ठाऊक.

त्यात यंदा जिल्ह्याहून नवं फर्मान आलं. पुस्तकात संख्याशास्त्राचं प्रकरण वाढलंय, गृहीतकाची चाचणी. ते फळ्यावर शिकवायचं नाही, मुलांनी स्वतःच्या हातांनी काहीतरी मोजून शिकायचं. फर्मान काढणाऱ्याने मे महिन्यात खेड्यातली शाळा पाहिली नसावी. मोजायला शाळेत होतं काय? रसायनाच्या कपाटातला एक नाजूक वजनकाटा, तेवढाच. मी म्हटलं, कोष मोजू. गावात सध्या दुसरं आहेच काय? प्रश्न मात्र तुमचा तुम्ही काढा, माझं डोकं चालत नाही.

दोघातिघांनी पुन्हा बाकावर डोकं टेकलं. मग मागच्या बाकावरची गुलचेहरा उभी राहिली. ही पोरगी वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. मला मुलं ओपा, म्हणजे ताई म्हणतात; ती म्हणाली, “ओपा, घरात नवी सून आली की कोष हलके होतात का, ते मोजता येईल?”

वर्ग खडबडून जागा झाला. बोतिर नावाचा आमचा एक वाचाळ आहे, तो म्हणाला की किड्यांना सुनेपेक्षा सासूचाच त्रास जास्त होत असणार. खसखस पिकली, पण लगेच विरली. गुलचेहरा कोणाबद्दल बोलतेय हे सगळ्यांना माहीत होतं.

गुलचेहराची आई सलोमत खाला, सगळ्या गावाची मावशी. तिने मागच्या शरदात थोरल्याचं, एल्मुरोदचं लग्न लावलं. मुलगी पलीकडच्या जिल्ह्यातली, मवजुदा. लग्नाची मेंदी उतरते न उतरते तोच एल्मुरोद परदेशी, सामाराला, बांधकामावर परत गेला आणि सून इथे राहिली. आमच्या अर्ध्या गावाच्या सुना अशाच सासूशी संसार करतात. यंदा एप्रिलमध्ये थंडी लांबली, तुतीला पाला उशिरा फुटला, आणि सगळ्या गावाचे कोष बारीक आले. पण सलोमत खालाने गावाकडे बघितलंच नाही, तिने सुनेकडे बघितलं. पोर पांढऱ्या पायाची आहे, तिची नजर अळ्यांना बाधली, मी इसिरिकच्या वाळल्या झुडपाची किती धुरी दिली तरी उतरली नाही, असं तिने नळावर आणि तंदुरापाशी, जिथे चार बाया जमतात तिथे, सांगून ठेवलं होतं. कोष सरकारी खरेदी केंद्रावर जमा झाले की सुनेला माहेरी पाठवणार होती, विश्रांतीला. अशा विश्रांतीवरून आमच्या गावात आजवर कोणी परत आलेली नाही. एल्मुरोदला विचारायचं म्हणाल, तर तो फोनवर आई म्हणेल त्याला हो म्हणतो.

मवजुदाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. रस्त्यात भेटली की छातीवर हात ठेवून, मान खाली घालून सलाम करायची, तेवढीच ओळख. पण माझी लेक नीलुफर अशीच एक सूटकेस घेऊन दारात आली होती. कारण वेगळं होतं, सूटकेस तीच. अजून ती कोणाच्या लग्नात गेली की कोपरा धरून बसते, आणि मला ते बघवत नाही. म्हणून गुलचेहराने तो प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात गणित वगैरे नव्हतं, राग होता. म्हटलं, मोजूच एकदा. काट्याला काही सासू नसते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुलनेला सलोमत खालाची शेजारीण उगीलोय खाला घेतली. भिंतीला भिंत लागून घर, अंड्यांच्या पेट्या एकाच जातीच्या, एकाच दिवशी आलेल्या, पाला एकाच कालव्याकाठच्या तुतींचा. फरक एवढाच की उगीलोय खालाला नुसत्या मुली, त्या लग्न होऊन गेल्या, घरात सून नाही. मुलांना मी बजावून सांगितलं, शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत डोळे मिटून काढायचं. वरचं, तळाचं, कडेचं, हाताला लागेल ते. दोन्ही घरचे सारखेच कोष आणायचे, आणि निवडायचे नाहीत म्हणजे नाहीत. गुलचेहरा आपल्या घरचे आणणार होती. उगीलोय खालाकडे मी बोतिरला पाठवलं, कारण तो स्वतः झोपत नव्हता आणि दुसऱ्यांनाही झोपू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकेक कोष वजनकाट्यावर ठेवला. दोन ग्रॅमही भरत नाही एक कोष. कोणी शिंकलं तरी पारडं हलतं. मुलांनी आपण होऊन खिडक्या लावून घेतल्या, श्वास धरून बसली. प्रत्येक वजन एकेका चिठ्ठीवर लिहिलं, मागच्या बाजूला घराचं नाव. दोन्ही घरांची सरासरी काढली तेव्हा उगीलोय खालाचे कोष जड निघाले. मी घाबरले नाही. सरासऱ्या कधी तंतोतंत सारख्या निघत नाहीत, हे तर त्या दिवशी शिकवायचं होतं.

मी विचारलं, “सुनेच्या असण्याने काहीच बिघडत नाही असं आधी धरून चालू. मग कुठला कोष कुठल्या घरचा, याला काही अर्थ आहे का?”

नाही, म्हणाली मुलं.

मग दोन मुलांच्या डोक्यावरच्या दोप्प्या काढून घेतल्या. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ढवळायच्या, न बघता दोन दोप्प्यांत सारख्या वाटायच्या, दोन्हीकडची सरासरी काढायची. जो फरक येईल तो नुसत्या योगायोगाचा, त्यात सून नाही की सासू नाही. असं पुन्हा पुन्हा करत राहायचं. दोन घरांतला खरा फरक जर अशा योगायोगात अधूनमधून सापडत असेल, तर कोणावर बोट ठेवायला जागा नाही. सापडतच नसेल, तर आपण जे धरून चाललो ते सोडायचं. हे सांगताना माझा आवाज चांगला चढला होता. शेवट काय होणार ते मला माहीत आहे, अशा थाटात मी बोलत होते.

तो तास संपला, पुढचाही त्यातच गेला. मुलं आळीपाळीने ढवळत होती, वाटत होती, बेरजा करत होती. कंटाळा आला, बोटं दुखायला लागली. तेवढा फरक काही येईना. एकदाही आला नाही. शेवटी बोतिरने दोप्पी खाली ठेवली, आणि पहिल्यांदाच काही थट्टा न करता म्हणाला, “ओपा, मग गृहीतक सोडायचं ना?”

काय सांगणार? नियम मीच घालून दिला होता. सोडायचं, म्हटलं. मग घाईघाईने सांगायला गेले की घरांत फरक आहे म्हणजे तो सुनेमुळेच आहे असं नाही, शंभर कारणं असू शकतात, खोलीची ऊब असेल, पाल्याची ओल असेल. पण घंटा झाली होती, आणि मे महिन्यात घंटेनंतर कोणी ऐकत नाही. गुलचेहरा माझ्याकडे न बघता निघून गेली.

गावाला बातमी लागायला काय वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकांच्या खोलीच्या दारात सलोमत खाला उभी. हातात फडक्यात बांधलेले गरम नान आणि जर्दाळू. म्हणाली, “मुनव्वरखोन, अल्लाह तुमचं भलं करो. महिनाभर मी सांगत होते, तर लोक म्हणायचे, म्हातारीला सून खुपते. तुम्ही काट्यावर दाखवून दिलंत.”

मी तिला समजवायला लागले की खाला, तसं नाही ते. ती छातीवर हात ठेवून मान डोलवत राहिली, जणू मी विनयानेच नाही म्हणतेय. उद्या कोष केंद्रावर जातील आणि परवा मुलगी जाईल, तिच्या आईला निरोप धाडलाय, म्हणाली. गुलचेहरा कालपासून जेवली नाही, तिलाही समजावा जरा, तुमचं ऐकते. फडकं माझ्या हातात ठेवून गेली. बाकीच्या बायांनी नान मोडून खाल्लं. मी माझा तुकडा फडक्यात ठेवून दिला. माझ्याच विद्येने मी एका पोरीच्या पाठीत काठी घातली होती, आणि वर बक्षीस घेतलं होतं.

मधल्या सुट्टीत मी चिठ्ठ्या पुन्हा टेबलावर पसरल्या. आधी सलोमत खालाच्या लावल्या. त्यांत हलके होते, जड होते, एखादा अगदीच पोकळ होता, जसे असायला हवेत तसे. मग उगीलोय खालाच्या लावल्या आणि बघतच राहिले. सगळे एकासारखे एक. एकही हलका नाही. आयुष्यभर किडे पाळले, पण ज्यात चार आळशी आणि दोन रोगट अळ्या निघत नाहीत असा ढीग मी कधी पाहिला नाही. अल्लाहने माणसं अशी एकसारखी घडवली नाहीत, किडे कशाला घडवेल?

बोतिरला बोलावलं. कोष कसे आणलेस, विचारलं. तो आधी इकडेतिकडे करायला लागला, मग म्हणाला की कोष डोळे मिटून घ्यायचेत, हे त्याने तिथे सांगितलं होतं. पण उगीलोय खालाने विचारलं, कोणाला हवेत? मुनव्वर ओपांना, असं याने म्हणताच झालं. आधी याला बसवलं, चहा दिला, चेरीचा मुरंबा दिला, नान दिलं. मग ती स्वतः ढिगापाशी बसली आणि एकेक कोष उचलून, कानाशी हलवून, वरचे धागे पुसून, निवडत राहिली. हा नको, हा बरा, असं करत.

“मी म्हटलं, खाला, निवडायचे नाहीत,” बोतिर म्हणाला. “तर म्हणाली, मुनव्वरच्या हातात जायचेत, त्यात रद्दी घालू? माझी लाज काढतोस?”

आणि गुलचेहराने? तिने आपल्याच घरच्या ढिगात डोळे मिटून हात घातला होता. घरच्या मुलीला कोण पाहुणचार करतं? घरचीला हाताला येईल ते आणि पाहुण्याला निवडून, ही आमची रीत. मी कपाळावर हात मारून घेतला. मी या गावात जन्मले. कोणाच्याही घरी मला आजवर फिकं टरबूज कापून मिळालेलं नाही, आणि मी बोतिरला दुसऱ्याच्या दारी शितं मोजायला पाठवलं होतं.

शाळा सुटल्यावर पाय ओढत उगीलोय खालाकडे गेले. काय हवंय ते ऐकून तिचं तोंड एवढंसं झालं. आधी दिलेले आवडले नाहीत का? कोणी नावं ठेवली का? तिने अंगणात दस्तरखान घालायला घेतलं, चुलीवर कढई चढवायला निघाली. मी तिला हाताला धरून बसवलं. म्हटलं, ढिगातले बरेवाईट सगळे हवेत, मी माझ्या हाताने घेते. ती म्हणाली, म्हणजे गावात सांगणार की उगीलोयने मास्तरणीला पोकळ कोष दिले. बोलून बोलून माझा घसा बसला. शेवटी म्हटलं, खाला, आजच्या दिवस मला पाहुणी समजू नका, चोर समजा.

“चोरसुद्धा चांगलंच निवडतो,” ती म्हणाली, पण हसली.

मग तिने माझ्याकडे पाठ केली, आपली बेअब्रू आपल्याच डोळ्यांनी बघायला नको म्हणून. मी डोळे मिटले आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. तळातून काढले, कडेचे काढले, मधले काढले. नंतर पुलाव खाल्ल्याशिवाय तिने मला सोडलं नाही ते नाहीच.

सकाळी पहिल्याच तासाला सगळं पहिल्यापासून. मुलं कुरकुरली. पुन्हा काटा, पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा दोप्प्या. मी त्यांना सांगितलं काय चुकलं ते. खोटं कोणी बोललं नाही, काटा चुकला नाही, बेरीज चुकली नाही, आणि तरी उत्तर चुकलं, कारण शीतच निवडून आलं होतं. माझ्या सगळ्या शिकवण्यात एवढी एक गोष्ट जरी त्यांच्या लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं. यावेळी दोन घरांतला फरक अगदी थोडका निघाला, आणि चिठ्ठ्या ढवळल्या की त्याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने घडीघडी यायला लागला. प्रत्येक वेळी आला की वर्ग “आला” म्हणून ओरडायचा. गुलचेहराने हातातली दोप्पी बाकावर ठेवली.

“म्हणजे वहिनीचा दोष नाही,” ती म्हणाली.

मी म्हटलं, नीट बोल. दोष नाही असं काटा म्हणत नाही. दोष दिसला नाही, एवढंच म्हणतो. तिने विचारलं की या दोन्हीत फरक काय. फरक पुष्कळ आहे, पण माझी पाठ मोडून आली होती आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हटलं, परीक्षेत सांग फरक, आत्ता चल तुझ्या आईकडे.

आम्ही पोचलो तोवर सलोमत खाला कोष केंद्रावर घालून आली होती. अंगणातल्या लाकडी बैठकीवर पाय पसरून बसली होती. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि मवजुदा वाळकी पानं नि फांद्या झाडून बाहेर काढत होती. चेहरा मातीसारखा, डोळे सुजलेले. महिनाभर या घरात अळ्यांना रात्रीचा पाला कोण घालत होतं, ते विचारायची गरज नव्हती. आम्हाला बघून तिने झाडू भिंतीला लावला, चहा ठेवायला गेली.

मी सलोमत खालाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “परवा तुमचा काटा एक बोलला, आज दुसरं. उद्या काय बोलेल?”

बरोबरच होतं तिचं. मग मी पुलावावर आले. म्हटलं, खाला, तुमच्या कढईतला मी डोळे मिटून एक चमचा घेतला आणि उगीलोय खालाने मला तिच्या कढईतलं नुसतं मांस वेचून वाढलं, तर कोणाचा पुलाव चांगला म्हणायचा? ती एकदम सरळ बसली. म्हणजे उगीलोयने निवडून दिले? निवडून, म्हटलं. आणि न निवडता घेतले तर? तर तुमच्याएवढेच.

तिचा चेहरा जो उजळला! मी एवढी दोन दिवस घसा फोडून गृहीतक, योगायोग, सरासरी करत होते, आणि हिला एवढंच कळायला हवं होतं की शेजारणीचे कोष तिच्याहून चांगले नाहीत. पहिल्यापासूनच तशी आहे ती, म्हणाली, लग्नातसुद्धा वरच्या ताटात बदाम आणि खाली शेंगदाणे. मग जरा विचार करून स्वतःशीच बोलावं तशी बोलली, एवढ्या थंडीतसुद्धा आपण उगीलोयच्या बरोबरीने आलो, म्हणजे सुनेचा पायगुण वाईट नाही. उलट चांगलाच म्हणायचा.

तसं नाही खाला, असं म्हणायला मी तोंड उघडलं. चांगला पायगुणही काट्यावर दिसत नाही, हे मला सांगायचं होतं. गुलचेहराने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटून घेतलं. एवढं खोटं खपतं, म्हटलं.

सलोमत खालाने सुनेला हाक मारली, जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. माहेरी निरोप धाडते, आता यायला नको म्हणून. आणि पुढच्या वर्षी एक पेटी नाही, दोन घेऊ. खोल्या आहेत, सून आहे, पायगुण चांगला आहे, मग कशाला सोडायचं? एल्मुरोदला रविवारी फोनवर सांगते. मवजुदा मान खाली घालून पियाल्यात चहा ओतत होती, आणि चहा काठावरून दस्तरखानावर सांडेपर्यंत ओतत राहिली. गुलचेहरा हसली, म्हणाली, वहिनी आनंदाने वेडी झाली. मलाही तसंच वाटलं. त्या महिन्यात पहिल्यांदा माझ्या पाठीला बरं वाटलं होतं. नीलुफरच्या वेळी मला काही करता आलं नव्हतं, इथे आलं.

पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं काम सुनेचं. मवजुदा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. मी तिचा हात हातात घेतला, म्हटलं, आता काळजी करू नकोस. तिने हात सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

“ओपा,” ती म्हणाली, “दुसऱ्यांदा कशाला मोजलंत?”

मला वाटलं, आभार मानतेय. तुझ्यासाठीच, म्हटलं.

“मी सूटकेस भरली होती.” आवाज अगदी हळू, आत ऐकू जाऊ नये असा. “आईला फोन केला होता. ती रडली, पण ये म्हणाली. अब्बांनीही घरात घ्यायचं कबूल केलं होतं. पांढऱ्या पायाची म्हणून हाकललं, त्याला पोर काय करणार, नशीब म्हणायचं, असं म्हणाले. आता मी आपली आपण गेले तर ते उंबरा ओलांडू देणार नाहीत.”

मी तिचा हात सोडला. एल्मुरोद, असं काहीतरी मी बोलायला गेले.

“तो कधी माझ्याशी बोलतो?” ती म्हणाली. “फोन आईच्या हातात असतो. मला इथे राहायचंय का, ते कोणी विचारलं का, ओपा? तुम्ही विचारलंत?”

नव्हतं विचारलं. दोन घरांचे कोष दोनदा मोजले, पण हे एवढं धरूनच चालले होते. माझे डोळे भरून आले आणि मला त्याचीही लाज वाटली. म्हटलं, मी आत जाऊन खालाला सांगते, पुन्हा काहीतरी चूक निघाली म्हणून सांगते.

“काय सांगणार? काटा तिसऱ्यांदा फिरला?” ती थोडीशी हसली. रागावली नव्हती, रागवायला लागतं तेवढं बळच तिच्यात उरलं नव्हतं. “राहू द्या. मला नुसतं झोपायचं होतं, ओपा. आईच्या घरी, दार लावून.”

आतून सलोमत खालाची हाक आली. प्रेमाने बोलावत होती, बाळा म्हणून. दुसऱ्या पेटीसाठी मागची खोली आत्ताच रिकामी करून चुना मारायला हवा, म्हणत होती.

“आले,” मवजुदा म्हणाली, आणि भिंतीला लावलेला झाडू उचलून आत गेली.